डेकचा रंग

आल्गोत चौथ्यांदा खरवडतोय.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर लोविसा, दोन हात लांब,
अजून ना डोलकाठ्या ना शिडं,
नुसता उघडा डेक
आणि माझ्या पावाला टर्पेंटाइनचा वास.

पहिला रंग चहाचा निघाला.
डबीवर छापलेलं होतं: लाकूड.
हे खुर्चीचं लाकूड, तो म्हणाला,
वॉर्निश प्यायलेलं, घरात वाढलेलं.
समुद्रावर लाकूड तपकिरी राहत नाही.
मीठ, ऊन, आणि रोज पहाटे
गुडघ्यांवर बसून वाळूचा दगड घासणारी
सोळा-सतरा वर्षांची पोरं.
त्यातलाच हा एक.

दुसरा फारच एकसारखा,
जणू सगळा डेक एकाच झाडाचा.

तिसऱ्या वेळी त्यानं फळीन् फळी वेगळी रंगवली:
कुठे गव्हाळ, कुठे राखी,
एक किंचित हिरवट, पाणी साचायचं तिथली;
खानसामा खरकटं ओतायचा तिथे तेलकट.
फटींतलं डांबरसुद्धा काळं नाही.
काळं ते उन्हात, मऊ होऊन तळव्याला चिकटायचं तेव्हा.
एरवी जुन्या बुटाचा रंग.
भिंगाखाली, तीन केसांच्या कुंचल्यानं,
अकरा रात्री.
प्रत्येक फळी खरी होती
आणि जहाज खोटं.

मी हेरिंग साफ करत होते. न वळता म्हटलं,
इतका गडद नव्हता.

तुला काय माहीत? तू कधी पाय ठेवलास त्यावर?

नाही ठेवला. कुणी ठेवू दिला असता?
पण मारिएहाम्नच्या पश्चिम बंदरावरची ती टेकडी,
तिथून तीनदा पाहिली मी लोविसा निघताना.
तू डेक पाहिलास वीतभरावरून, नाक टेकवून.
मी पाहिला जिथून माणसं मोहरीएवढी,
आणि त्यातला तू कुठला
ते ठरवेपर्यंत जहाज वळायचं.

मधे हवा असते, आल्गोत.
हवा सगळ्यात थोडं दूध घालते.

बराच वेळ गप्प बसला.
मग जहाज उचलून खिडकीत ठेवलं,
पाठ दाराला टेकेपर्यंत मागे सरला,
डोळे अर्धे मिटले.
आला, बशीत पांढरा पिळला, चिमूटभर करडा.
आणखी?
आणखी.
आणखी?
चुलीत रात्रभर राहिलेली बर्चची राख असते ना,
तिच्यात पावाचा चुरा सांडल्यासारखा. तेवढा.

पातळ थर, दिव्याच्या धगीत वाळवलेला,
अकरा रात्रींवर पसरत गेला धुक्यासारखा.
त्याचा हात थरथरला नाही. माझाच
चाकूवर थांबला होता.

एक फळी मात्र त्यानं झाकली नाही.
पुढच्या डोलकाठीच्या भोकाशी, नखाएवढी,
गव्हाळ, वीतभरावरून पाहिलेली.
काही बोलला नाही त्याबद्दल, मीही विचारलं नाही.

दाराशी उभं राहिलं की
ती दिसत नाही.