अर्धा किलोचा हातोडा

आधी वाटलं, झोपेत हात वाकडा पडला असेल.
मग चहाची किटली उचलताना,
मग किल्ली फिरवताना,
मग नुसती बाही ओढताना
कोपराच्या बाहेरच्या हाडावर
कुणीतरी खिळा टेकवून ठेवल्यासारखं.
ठोकत नव्हतं कुणी. नुसता टेकवून.

प्लोवदिवमध्ये सप्टेंबर होता,
अंगणाअंगणांतून भाजलेल्या मिरच्यांचा वास,
आणि तंबाखूच्या जुन्या गोदामाच्या तळघरात
आम्ही नेहमीचे पाच जण, लोखंड उचलणारे.
दांड्याला लोंबकळून मी मोजत होतो, सात, आठ,
नवव्याला बोटं आपोआप उघडली.
पडलो नाही, उतरलो,
असं मी सगळ्यांना सांगितलं.
राडोस्तिन हसला, कोपरखळी मारली
नेमकी तिथंच.
डोळ्यांपुढं काजवे, तोंडावर हसू.
सत्तेचाळीस वर्षांचा माणूस
दुसरं काय करतो?

दिवसा मी इस्पितळात माणसं हलवतो,
खाटेवरून गाडीवर, गाडीवरून खाटेवर.
कुठं दुखतं, आजोबा?
इथं धरू की तिथं?
रात्री मलम चोळतो.
कापराच्या वासानं बायकोनं
उशी पलीकडं नेली.
पकड बदलली, दांडा बदलला, पट्टा आवळला.
पुढच्या सोमवारी उतरेल,
नाहीतर त्याच्या पुढच्या सोमवारी नक्की.
स्वतःच्याच कोपराला गूळ लावून
मी जीभ काढून बसलो होतो.

तळघराची फरशी पुसणारी व्हेनेता,
सत्तरीची, एके काळी भाला फेकायची म्हणतात.
तिनं काही विचारलं नाही.
बादली ठेवली आणि म्हणाली,
‘तीन आठवडे झाले,
बाटलीचं झाकण तू डाव्या हातानं उघडतोस.’

चोर सापडावा तसा मी सापडलो.

‘स्नायू हावरं पोर असतं,’ ती म्हणाली,
‘आज घातलं की उद्या अंगी लागतं.
त्याला हाडाशी बांधणारी दोरी म्हातारी,
तिच्याकडं रक्त पायी जातं.
तू पोराचंच ऐकत राहिलास.’

‘मग काय, दांड्याला कोपरापासून नमस्कार?’

‘एवढ्यात कशाला? निम्मं उचल.
थोडं दुखलं तर दुखू दे,
दुसऱ्या सकाळी वाढलेलं नसलं म्हणजे झालं.’

आणि फडताळातून तिनं हातोडा काढला,
खुर्च्यांचे खिळे ठोकायचा, अर्धा किलोचा.
दांडीच्या टोकाला धरायचा,
हात मांडीवर टेकवून
मनगट उलटं. सुलटं.
एका फेरीला पाच श्वास.

नव्वद किलोखाली छाती देणारा मी
बाकावर बसून हातोडा हलवत होतो,
पाळणा हलवावा तसा.
पलीकडं लोखंड आदळत होतं.
राडोस्तिन म्हणाला, ‘काय, बाळ झोपलं का?’
बाळ झोपलं नव्हतं.
ऑक्टोबरभर नाही, नोव्हेंबरभर नाही.
डिसेंबरात एका रात्री
दुखलं नाही म्हणून जाग आली.

फेब्रुवारीत सासूबाईंनी भरलेली
मिरचीच्या चटणीची बरणी बायकोनं पुढं सरकवली,
सवयीनं माझ्या डाव्या हाताकडं.
मी उजवा हात घातला.
झाकण अडलं, कोपर जरा कुरकुरलं,
मग टक्.
ती पाव कापत होती. तिनं मान वर केली नाही,
पण सुरी क्षणभर थांबली.

बरा झालो असं म्हणणार नाही.
थंडीत खिळा अजून टेकतो,
नमस्कारापुरता.
दांड्यावर मी सहा मोजतो आणि उतरतो,
आता खरंच उतरतो.

परवा फडताळात हातोडा नव्हता.
कोपऱ्यातल्या बाकावर, भिंतीकडं तोंड करून
कुणीतरी रुंद पाठीचं बसलेलं.
मनगट उलटं. सुलटं.
मला विनोद सुचला होता, चांगला होता.
गिळला.
व्हेनेतानं त्याच्या पायांभोवतालची फरशी
तेवढी कोरडी सोडली.