तेरावा दिवस

शेवटचं जहाज सुटलं. थंडर बेचं बंदर आता एप्रिलपर्यंत मुकं.
कोठाराची झडपं आम्ही आवळून बंद केली,
आणि घरी येऊन मी कुपी मुठीत धरून बसलो,
ऊब लागेपर्यंत.
गार तेल सुईतून उतरताना जीव खातं.

सरकीचं तेल आहे हे.
या गावात कपाशीचं बोंड पाहिलेला माणूस नसेल.
मांडीत सुई, दहापर्यंत आकडे फिनिशमध्ये,
मग वर बोळा दाबायचा.
आत सरकी, बाहेर कापूस.

पुढचं काम माझ्या हातात नाही.
स्नायूत तेलाचा एवढासा साठा बसून राहतो,
आमच्या कोठारासारखाच: भरायला घटका,
रिकामा व्हायला हंगाम.
प्रत्येक रेणूला एक शेपटी जोडलेली,
ती तेल सोडवत नाही त्याला.
रक्तात आला की ती तुटते,
आणि उरतो तो कामाला लागतो.

तिसऱ्या दिवशी मी जिने धावत चढतो,
कपाळावर फोड, मुकादम हेइक्कीशी वाद
फावड्यावरून. फावडं माझंच होतं.
आठवड्याभरात अर्धं सरतं.
यकृत मोडून सुट्टे करतं,
मूत्रपिंडं ते सुट्टे उधळतात,
कुणी हिशेब मागत नाही.
अकराव्या दिवशी शिडीच्या मध्यावर
मी उगाच थांबतो, हातमोजे नीट करतो.

तेराव्या दिवशी पेट्रिशिन बाई रक्त काढतात.
तळ बघायचाय त्यांना, सगळ्यात खालचा आकडा.
म्हणाल्या, "निम्मं निम्मं घे, दर आठवड्याला.
एवढे चढउतार कशाला?"
बरोबर आहे. मी मान डोलावली.

त्याच संध्याकाळी वडिलांना फोन लावला,
चार वर्षांनी.
"हॅलो," म्हणालो.
आकडा तळाला होता, आवाज नाही.
आवाज एकदा उतरला की परत चढत नाही,
औषध निघून गेलं तरी.

पलीकडे घड्याळ ऐकू आलं.
मग ते म्हणाले, "लाउरी?"

लाउरी त्यांचा धाकटा भाऊ,
याच सरोवरात गेलेला, होडीसकट.

नाव सांगायला मी तोंड उघडलं
आणि म्हणालो, "खाडीवर बर्फ धरलाय."

"पातळ असेल अजून," ते म्हणाले.
"आज बाहेर पडू नकोस."