विरजण

एकतीस वर्षं एम. वाय.च्या बालविभागात
मी नेहमी नंतर पोचत आले.
टाके नंतर, प्लास्टर नंतर, समजूत त्याहून नंतर.
रजिस्टरात कारणाचा रकाना असे.
सांगतील तसं लिहीत गेले:
जिन्यावरून पडला. जिन्यावरून पडली. जिन्यावरून.
'एवढे जिने अख्ख्या इंदुरात नसतील, सिस्टर,'
डॉक्टर एकदा म्हणाले,
आणि खाली सही केली.

एक दीड महिन्याचं आलं होतं,
अंगावर ओरखडासुद्धा नाही.
गप्प व्हावं म्हणून हलवलं होतं, एवढंच.
गप्प झालं होतं.
बाप बाकावर बसून आपल्याच हातांकडे बघत होता,
कुणी सांभाळायला देऊन गेल्यासारखा.

आता मी सुदामानगरात, खालच्या मजल्यावर.
वर केतकी. तिचा निमिष सहा आठवड्यांचा,
नवरा पीथमपूरला, रात्रपाळीत,
माहेर लांब.

परवा रात्री, दोन वाजून वीस.
तासभर तो रडत होता, मी ऐकत पडले होते.
रडण्याचं मला काही वाटत नाही, पोरं रडतातच.
मग दुसरा आवाज आला, गप्प बस ना रे, गप्प,
आणि तिसऱ्या वेळी तो चिरकला.
गुडघे विसरून जिना चढले.

दार उघडल्यावर तोंडाला आलं काय, तर
'विरजण आहे का गं, चमचाभर?'
रात्री अडीचला!
तिनं बाळ दोन्ही हातांत धरलेलं, अंगापासून लांब.
'मावशी, मी आत्ता याला…'
तिनं वाक्य पुरं केलं नाही.
मी करू दिलं नाही.
दे इकडे, म्हटलं. झोप जा.
पुन्हा असं झालं तर पाळण्यात ठेव, दार लोट,
बाहेर ये, पाणी पी, माझं दार बडव.
किती का वाजेनात.
रडून मूल मरत नाही गं.
पुढचं बोलले नाही.

पहाटेपर्यंत तो माझ्या खांद्यावर,
ऊन ऊन, आंबूस वासाचा.
सहाला नवरा आला, हातात पोह्यांचा पुडा,
शेव वर आलेली, जिरावनचा वास.
मला बघून दचकलाच.
विरजण न्यायला आले होते रे, म्हटलं.
आत केतकी चक्क घोरत होती.

घरी येऊन बसले.
वेळ दोन-वीस. इजा नाही. रुग्ण नाही.
हे कुठं लिहितात?
दुधाच्या वहीत त्या तारखेला
अर्धा लिटरच्या पुढे पेन्सिलीनं एक ठिपका दिला,
दूधवाल्याला वाटेल, चुकून पडला.

दुपारी केतकी खरंच वाटी घेऊन आली,
डोळे सुजलेले, केस धुतलेले.
दूध कोमट केलं, चमचाभर घातलं,
भांडं ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवलं.
संध्याकाळी लागलं का बघायला हात गेला,
मागे घेतला.
लागेपर्यंत हलवायचं नसतं.