बदली

होटगी रोडला, टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस.
टॉवेल परदेशी धाडणाऱ्यांचं सॉफ्टवेअर लिहितो आम्ही:
ऑर्डर, पॅकिंग, बिलं,
आणि जहाजाचं भाडं सांगणारी एक लायब्ररी, आमची नव्हे,
दर खेपेला विचारायचे पैसे घेणारी.

टेस्टसाठी तिला दिवसातून शंभरदा कोण उठवणार?
म्हणून ज्याने त्याने आपापली खोटी ठेवलेली.
इरण्णाची ऑर्डरमध्ये, कायम हो म्हणणारी.
तस्लीमची बिलात, तिचं भाडं आठवडाभर तेच.
पॅकिंगमधली ज्याने लिहिली तो पुण्याला गेला;
ती अजून म्हणते, कंटेनर आहे, कंटेनर आहे.
परवा खराखुरा कंटेनर नव्हता.
साडेचारशे डझन टॉवेल गोदामाच्या दारात,
आणि आमचा पडदा हिरवागार.

मी म्हटलं, तिघींची एक करू, सगळ्या खात्यांना तीच.
फाइलचं नाव? इरण्णाने विचारलं.
बोटं आपोआप चालली: बदली.

नायना गिरणीत बदली होते.
भोंग्याआधी गेटवर. कुणाला ताप, कुणाकडे लग्न,
मुकादम बोट दाखवेल तिकडे जायचं:
आज वायंडिंग, उद्या सायझिंग, परवा साचेखातं.
'राजेशम कुठेही चालतो,' म्हणायचे.
कौतुकच ते. त्याच कौतुकावर
माणूस अकरा वर्षं कुठलाच झाला नाही.

रात्री कडक भाकरी मोडता मोडता त्यांना सांगितलं सगळं.
बराच वेळ चटणीच चाळवत बसले. मग म्हणाले,
'नुसती हो म्हणणारी कसली बदली?
सूत तुटलं की माग थांबवायचा असतो.
तेवढं यायला पाहिजे तिला.'

म्हणून तिला नाही म्हणायला शिकवलं.
उशिरा उत्तर द्यायला, कधी मुळीच न द्यायला,
अर्धंच वाक्य बोलून गप्प व्हायला, खरी होते तशी.
पहिल्याच दिवशी तिन्ही खात्यांत मिळून एकोणीस टेस्ट लाल.
तस्लीम मला दोन दिवस बोलली नाही.

'परमनंट करणार का तिला?'
नाही नायना. ती खऱ्या गिऱ्हाईकापर्यंत कधीच जात नाही.
'हजेरी तरी लागते?'
लागते. कितीदा बोलावलं ते मोजते ती.
आजचा आकडा दाखवला: दोनशे एकतीस.

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.
'दोनशे चाळीस भरू देत नसत,' म्हणाले,
'तू भरू दे.'