उलटी बाजू

आखलाइटनर.
पहिल्यांदा हे आडनाव आलं
तेव्हा मी त्यातला एक एच खाल्ला.
मे महिना, साखर पेठेत चव्वेचाळीस डिग्री,
जकार्डच्या पुठ्ठ्याला भोकं पाडता पाडता
अक्षर गळालं, आणि तीनशे टॉवेल परत.
गड्डम शेठ तोंडाने काही बोलले नाहीत,
पगारातून बोलले.

ते टॉवेल मग गल्लीतच जिरले.
अंबक्काची तिन्ही पोरं
चुकीच्या जर्मनाने अंग पुसून शाळेत गेली.
एक अजून आमच्या मोरीशी आहे, पायपुसणं.

पुढे दर मे महिन्यात ऑर्डर.
बव्हेरियातल्या कुठल्याशा गावचा आइस हॉकीचा क्लब,
निळ्यावर पांढरं आडनाव, खाली सत्तावीस.
गोल मारणाऱ्यांचे दोन-दोन हजार नग,
ह्याचे चारशे.
"डिफेंडर आहे," शेठचा मुलगा म्हणाला,
"त्याला कोण विचारतंय?"

मी विचारलं.
रात्रपाळीच्या चहात, भाच्याच्या मोबाईलवर,
माग थांबला तरी कानात खटखट चालूच,
तेव्हा दिसला तो: बर्फावर
उलटा पळत होता.
पाठ आपल्या जाळीकडे,
तोंड चालून येणाऱ्याकडे,
घाई अजिबात नाही,
फक्त वाट अरुंद करत नेत होता समोरच्याची.

बर्फ मी एवढाच पाहिलेला:
कन्ना चौकामागचा कारखाना, मल्लेशम मामा
आकडा रुतवून लादी ओढायचा.
ओल्या फरशीवर ती सुटली की
मामा तिच्यापुढे उलटाच चालायचा,
नजर न काढता.
एकदा काढली. मग उजवा अंगठा नव्हता.

त्याचं पुढचं सगळं मी ऑर्डरच्या कागदावर वाचलं.
एका वर्षी आडनावाशेजारी बारीक ए आला,
म्हणजे उपकप्तान.
एका वर्षी काहीच आलं नाही, म्हणजे गुडघा.
मग रंगच बदलला, काळा-पिवळा,
उत्तरेकडचं कुठलं बंदराचं गाव.
दोन वर्षांनी पुन्हा निळा.
एकोणीस हंगामांत एकतीस गोल, भाचा सांगतो.
अडवले किती,
त्याचा रकाना आमच्या कागदावर नव्हता.

तेवढ्यात इकडे कॉम्प्युटर आला,
माझे पुठ्ठे किलोने गेले,
मला चेकिंगला बसवलं.
चेकिंगवाला टॉवेल पाठीकडून बघतो.
तिकडे रंग उलटतात, पांढऱ्यावर निळं होतं,
आडनाव शेवटाकडून सुरू होतं
आणि सुटलेला धागा
आधी तिथेच सापडतो.

यंदा शेवटची ऑर्डर आली.
आडनाव, सत्तावीस, दोन साल,
मध्ये आडवी रेघ. थडग्यावर असते तशी,
पण माणूस सदतीसचा, ठणठणीत,
हनुवटीवर फक्त टाके.
ह्या वेळी पाच हजार नग.
जाणाऱ्याला सगळेच विचारतात.

फोटोत त्याने आमचा टॉवेल
तोंडावर धरलाय, दोन्ही हातांनी.
घाम आहे की दुसरं काही, कळत नाही.
कळू नये इतके दाट फंदे
आम्हीच घातलेत.

मी फोटो मोठा करून
एच मोजला.
आहे.