ओटीपी

उत्पन्नाच्या रकान्यात एकच आकडा मावतो.
हेमांगीची आय म्हणते, लिवा काय ता,
बांगडा लागला तर हाय,
नाय लागला तर बर्फाचे पैसेही अंगावर.
मी तलाठ्याच्या दाखल्यावरचा आकडा टाकतो.
तो आम्हा तिघांनाही अनोळखी.

बारावी सायन्स, एक्क्याऐंशी टक्के.
दापोलीचं कॉलेज, हॉस्टेल, खानावळ, सगळं भरलं.
मग मशीन म्हणतं, ओटीपी पाठवला आहे.
आधारला नंबर बापाचा. बाप परवाच सुटलाय,
वीस वाव पाण्यात, रेंजच्या पार.
आज शेवटची तारीख.

पोरगी उठली, चप्पल न घालता
हर्णैच्या जेटीवर, वायरलेसवाल्याकडे.
तिथे नुसती खरखर. मग कुणाची तरी शिवी.
मग तीही नाही.

साडेदहाला, शटर अर्धं ओढून बसलेलो,
त्याच्याच फोनवरून ती: काका, आता दाबा,
बोट किल्ल्याच्या अंगाला आलीय, दोन काड्या दिसतायत.

तांडेलाने सहा आकडे वाचले,
लिलावात पाटीचा भाव ओरडावा तसे, दोनदा.
डिझेलचं कोणी काढलं नाही.

प्रिंट निघाली. आयने आधी हात पुसले, मग धरली.
बोट पुन्हा पश्चिमेला.
यादी लागायला अजून एकवीस दिवस.