सा कुठंय बे

पहिल्या दिवशी वाटलं, कागद उलटा धरलाय.
सरळच होता.
क्लॅरिनेट मांडीवर ठेवून विचारलं,
'सा कुठंय ह्याच्यात?'
स्रवंती दुडम हसली नाही.
'नाहीये, दस्तगीरभाई. ठेवलेलाच नाही.'

अकराव्या वर्षापासून मी वरातीत फुंकतो.
घोडा अडला तर अडतो,
फटाके संपेपर्यंत मुखडा फिरवत ठेवतो,
पण सा म्हणजे घर. दिवसभर कुठंही भटका,
रात्री जेवायला तिथंच.
हे गाणं जेवायला येतच नाही.

शंभर वर्षांहून जुनं,
कुठल्याशा बर्फाच्या शहरात लिहिलेलं.
एक बाई रात्री पाणी प्यायला उठते
आणि स्वतःच्या घरात तिला दार सापडत नाही.
एवढंच. साडेतीन मिनिटं.
ती भिंतीवरून हात फिरवते,
आम्ही तिघं भिंती सरकवत राहतो.

तिघं म्हणजे, व्हायोलिनला हिरेमठ मास्तर,
कपाळावर विभूती, वय सत्तर,
दर दोन ओळींनी 'शिव शिवा' म्हणत तार पुन्हा लावायचे.
तार बरोबरच असायची.
पायपेटीला मिशन चर्चचे एलिशा साळवे.
पेटीचा भाता फाटका, त्याला चादरीचं ठिगळ.
आणि मी, लाल कोटाशिवाय.

तालीम साखर पेठेत,
तिच्या वडिलांच्या कारखान्यावरच्या खोलीत.
खाली आठ माग. धोटा जातो, धोटा येतो,
फरशी थरथरते,
ताटलीतली शेंगांची टरफलं नाचतात.
ती आईला तेलुगूत ओरडायची,
मास्तरांना कन्नडमध्ये विनवायची,
माझ्याशी दखनीत भांडायची,
मात्रा मराठीत मोजायची
आणि गायची जर्मनमध्ये.
आवाज माळ्यावर चढायचा,
शिडी न लावता तळघरात उतरायचा.
दोन आठवड्यांत जमलं. मास्तर मानसुद्धा हलवू लागले.

मग बुधवारी भर दुपारी लाइट गेली.
आठही माग एका झटक्यात मेले.
पलीकडच्या गल्लीतलेही.
आणि आम्ही चौघं दोन मात्रांत पांगलो,
बाई एकीकडे, भिंती दुसरीकडे.
कुणी बोललं नाही.
एलिशाच हळू म्हणाले,
'आपण मागाचा सा धरला होता.'

पंधरा दिवस. चोरून. कानालाही न सांगता.

स्रवंती खिडकीशी गेली.
खाली तिचे वडील बंद मागावर हात ठेवून उभे,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
ती वळली. 'आता. लाइट यायच्या आत.'

पुढं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही.
पाय टेकायला काही नव्हतं
आणि मी पडलो नाही.
तिचा तो सगळ्यात वरचा स्वर आला
तेव्हा त्याला धरायला गेलो नाही,
शेजारी उभा राहिलो फक्त.
पेटी ठिगळातून श्वास घेत होती.

कार्यक्रमाला सव्वीस माणसं. तीन झोपली.
एक पोरगा उठून गेला, परत आला.
दुडमशेठना कमी ऐकू येतं, चाळीस वर्षं मागात गेली.
ते ओठ वाचतात,
पण जर्मन ओठ कुठून वाचणार?
गोष्ट मात्र लेकीनं आधी सांगितली होती.
शेवटी हात पुसत आले, म्हणाले,
'दार सापडलं का तिला?'
'नाही, नान्ना.'
'मग परत एकदा म्हण.'

आज बाळ्याकडं वरात होती.
लाल कोट, पितळी बटणं, नेहमीचे मुखडे.
दोन गाण्यांच्या फटीत बोट जरासं घसरलं
त्या बाईच्या भिंतीवरून.
बँडमास्तर खेकसला, 'सा कुठंय बे?'
घोड्यानं मात्र कान वळवला
आणि थांबला.